देवळालीचा ताप

इंग्लंडमध्ये एखाद्याचं डोकं फिरलंय असं सांगायचं असेल तर म्हणतात, "तो डूलाली झालाय." बोलणाऱ्याला बहुधा पत्ता नसतो, पण तो आपल्या देवळालीचं नाव घेत असतो. नाशिककर रविवारी मोकळी हवा खायला जातात तीच ही देवळाली कॅम्प.

ब्रिटिशांच्या काळात इथं फौजेची मुक्कामाची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना देवळालीला आणून ठेवायचे आणि मुंबईहून बोट सुटायची वेळ झाली की मायदेशी पाठवायचे. पण फौजेच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. ज्याची मुदत एप्रिलात संपली त्यानं उन्हाळा आणि अख्खा पावसाळा इथंच काढायचा. बंदूक जमा झालेली. कवायत नाही, पहारा नाही, हुकूम नाही. डास, हिवताप आणि दारू मात्र भरपूर. बसून बसून माणसं भ्रमिष्ट व्हायची. त्या अवस्थेला शिपायांनीच नाव ठेवलं, 'डूलाली टॅप'. यातला टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून गेला आणि डूलाली तेवढी राहिली.

ही माणसं लढाईत वेडी झाली नव्हती. नोकरीची मुदत संपल्यावर, सुखरूप असताना, नुसतं बसून वेडी झाली होती. जखमी किंवा बेघर झालेल्या माजी सैनिकाला पुन्हा उभं करायचं म्हणजे काय करायचं, हे समजून घ्यायला मला याहून चांगली सुरुवात सापडत नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात बरीच वर्षं माणसं भरती करायचं काम केलं. आता निवृत्त आहे. फौजेतून आलेल्या पोरांचे अर्ज मराठी-इंग्रजीत नीट करून देतो, कंपन्यांतल्या ओळखीच्या लोकांना फोन करतो, एवढंच. मी डॉक्टर नाही की वकीलही नाही. पण या कामात चुका भरपूर केल्यात, त्यामुळे सांगण्यासारखं थोडं साचलंय.

"त्यांना काय कमी आहे?"

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, दवाखाना आहे, मग अडचण कसली?

अडचण वयात आहे. शिपाई अठरा-एकोणीसाव्या वर्षी भरती होतो. निवृत्तिवेतनासाठी किमान १५ वर्षं नोकरी लागते, आणि बहुतेक जवान पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतात. देशभरात दरवर्षी ५५ ते ६० हजार माणसं अशी बाहेर येतात. आपल्याकडं ज्या वयात माणूस घराचं कर्ज काढतो, त्या वयात हा 'रिटायर' होतो. गावात त्याला सगळे 'मेजर' म्हणतात, मग तो गनर, म्हणजे तोफखान्यातला साधा शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की हवालदार म्हणून. सत्कार होतो, डीजे लावून मिरवणूक निघते, फेटा बांधतात. महिन्याभरानं मेजर पारावर बसलेले दिसतात.

रिकामा माणूस आतून कसा खचतो याचा सगळ्यात नेटका अभ्यास फौजेवर नाही, एका गिरणीच्या गावावर झालाय. १९३०च्या सुमाराला ऑस्ट्रियातल्या मारियन्थाल गावची कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथं राहून बारीकसारीक नोंदी केल्या. लोकांना आता वेळच वेळ होता, म्हणजे वाचन वाढायला हवं. उलट वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. त्यांनी रस्त्यावरच्या माणसांच्या चालण्याचा वेगसुद्धा मोजला. पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत, मध्येच थांबत, उगाच उभे राहत. बायकांना घरचं काम होतं ना! पुरुषांना कुठं पोचायचंच नव्हतं.

याहोडाबाईंनी पुढं यातून मांडलेलं साध्या भाषेत असं. काम पगार देतं हे दिसतं. पण ते दिवसाला आकार देतं, घराबाहेरची माणसं देतं, आपण एका मोठ्या गोष्टीचा भाग आहोत ही जाणीव देतं, समाजात एक जागा देतं आणि हातपाय हलते ठेवतं, हे सहसा दिसत नाही. ते गेल्यावर कळतं.

आता ही यादी फौजेला लावून बघा. पहाटेचा फॉल-इन, संध्याकाळचा रोल कॉल, लंगर, पलटण, खांद्यावरच्या फिती, आणि पाठीशी अख्खा देश. पाचही गोष्टी दुधाच्या रतिबासारख्या रोज दारात. कारखान्यातला माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याचं काम सुटतं. जवान निवृत्त होतो तेव्हा रतीबच बंद होतो. पेन्शननं पगाराची जागा थोडीफार भरते, उरलेल्या पाचांचं काय?

जखमी जवानाला हाच धक्का तिप्पट बसतो, कारण त्याला तयारीला वेळच मिळालेला नसतो. मेडिकल बोर्डात नाव लागलं, 'बोर्ड आऊट' झाला, म्हणजे तब्येतीमुळं नोकरीतून काढला गेला, की तिशीच्या आत घरी.

एका स्टुलाची गोष्ट

माझी चूक सांगतो. आमच्याकडं फौजेतला एक नायक, म्हणजे हवालदाराच्या खालच्या हुद्द्याचा माणूस, कामाला आला. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला, कृत्रिम पाय बसवलेला. चालायचा इतका सफाईनं की ओळखू येऊ नये. मला वाटलं, आपण पुण्याचं काम करतोय. गेटवर सुरक्षारक्षक म्हणून घेतलं. बारा तासांची पाळी, आणि कंपनीचा दंडक असा की गेटवरच्या माणसानं बसायचं नाही. खुर्ची दिसली की साहेब लोक चिडायचे.

अठराव्या दिवशी तो माझ्या केबिनमध्ये आला, "बसू का साहेब?" म्हणाला आणि बसून त्यानं पाय काढला. आतला मोजा सोडला. त्यावर रुपयाएवढा लाल डाग होता.

"सकाळी पाय घट्ट बसतो, साहेब. दुपारी ढिला होतो. मग आत घासतो."

हे नेमकं काय असतं ते मला नंतर कळलं. कापलेल्या पायाचं टोक दिवसभर एकाच मापाचं राहत नाही. उभं राहून, चालून, घामानं ते दुपारपर्यंत आक्रसतं. कृत्रिम पायाची खोबण मात्र होती तेवढीच राहते. म्हणून ही माणसं जादा मोजे जवळ बाळगतात, आणि पाय ढिला वाटला की आणखी एक चढवतात. त्यासाठी दोन मिनिटं बसायला मिळालं पाहिजे. गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्याला तर नुसतं चालायलाच धडधाकट माणसाच्या जवळपास दीडपट शक्ती खर्ची पडते. म्हणजे त्याची आठ तासांची पाळी शरीराला बारा तासांची होते.

नायक महिन्याच्या आत नोकरी सोडून गेला. हजेरीपटावर शेरा पडला, 'काम झेपले नाही'. तो शेरा माझ्याच अक्षरात आहे. एका उंच स्टुलानं भागलं असतं.

याहून मोठी चूक पुढेच आहे. फौजेत तो काय करत होता, हे मी विचारलंच नव्हतं. अर्जात लिहिलं होतं, 'शिक्षण : बारावी, अनुभव : सैन्य'. मी 'सैन्य' वाचलं आणि 'गेट' लिहिलं. तो तोफखान्यात टीए, म्हणजे टेक्निकल असिस्टंट होता. तोफ किती अंशावर वळवायची, नळी किती उचलायची, वारा कुठला, हवा किती गरम, तोफेत भरायची दारू किती गरम, हे सगळं हिशेबात घेऊन आकडा सांगणारा माणूस. आकडा चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर. नाशिकरोड कॅम्पात तोफखान्याचं केंद्र, देवळालीत तोफखान्याची शाळा, आणि मी जन्मभर नाशकात राहून मला टीए म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

न दिसणाऱ्या जखमा

गेलेला पाय दिसतो तरी. तोफांजवळ वर्षानुवर्षं उभं राहिलेल्याचे कान दिसत नाहीत. कानाच्या आत सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. प्रचंड आवाजानं त्या मोडतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे माणूस बहिरा वाटत नाही, बोललेलं त्याला ऐकू येतं, पण स, श, फ अशी अक्षरं गळतात. 'साठ' म्हटलेलं 'आठ' वाटतं. शिवाय कानात रात्रंदिवस रातकिड्यासारखी किर्र चालू असते ती वेगळीच. कारखान्यात मशिनं चालू असताना मागून हाक मारली तर तो वळत नाही. सुपरवायझर म्हणतो, "फौजी आहे, गुर्मी आहे." गुर्मी कसली, समोर येऊन बोला!

मनाचंही तसंच. स्फोट, मृत्यू, जवळच्या साथीदाराचे तुकडे बघितलेल्या माणसाच्या डोक्यातली धोक्याची घंटा कधी कधी बंदच होत नाही. याला पीटीएसडी म्हणतात. झोप तुटते, दचकायला होतं, गर्दी नको वाटते, राग नाकावर असतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री हे लोक कुठं असतात ते एकदा विचारून बघा. एकानं मला सांगितलं, तो त्या रात्री त्र्यंबकच्या बाजूला मित्राच्या मळ्यात झोपायला जातो, बायकोला सांगतो की पाणी द्यायचंय. अशा माणसाला दर आठवड्याला पाळी बदलून रात्रपाळीला टाकणं म्हणजे आधीच तुटलेल्या झोपेवर घाव. एक ठरलेली पाळी, भिंतीकडं पाठ करून बसता येईल अशी जागा, भोंगा वाजणार असेल तर आधी कल्पना. यात खर्च काय आहे? सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, आणि फौजेतल्यांसाठी तिचा खास कक्ष पुण्यात २०२३च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला.

आणि दारू. कॅन्टीनचा कोटा हा विषय कुणी सभेत काढत नाही. स्वस्त मिळते, कान शांत होतात, झोप लागते. रिकामा दिवस आणि भरलेली बाटली ही जोडी देवळालीच्या गोऱ्या शिपायांपासून चालत आलीय.

आधी काय, नंतर काय

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याला सरळ वाटणारा क्रम असा : आधी बरा हो, दारू सोड, कोर्स कर, मग नोकरी बघू. दिसायला शहाणपणाचा क्रम. प्रत्यक्षात माणूस त्या पायऱ्यांवरच अडकतो. एक कोर्स, दुसरा कोर्स, भिंतीवर प्रमाणपत्रं, काम नाही.

अमेरिकेत याची उलटी पद्धत माजी सैनिकांवर तपासून पाहिली गेली. पद्धत अशी : माणसाला विचारायचं, तुला काय करायचंय? लगेच तशी खरी, बाजारातली नोकरी शोधायची. तो कामाला लागला की मग त्याच्या मागं उभं राहायचं, उपचार आणि शिकवणं कामासोबत चालू ठेवायचं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत पीटीएसडी असलेल्या ८५ जणांचे दोन गट केले होते. उलट्या पद्धतीत ७६ टक्क्यांना नोकरी मिळाली, नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना. मग १२ केंद्रांवर ५४१ जणांची मोठी चाचणी झाली. तिथं नुसती नोकरी लागली का एवढं न बघता दीड वर्षातला निम्म्याहून जास्त काळ ती टिकली का हे बघितलं. आकडे ३९ टक्के आणि २३ टक्के. जादूची कांडी नाही, हे दुसरा आकडा सांगतोच. शंभरातले साठ तिथंही टिकले नाहीत. पण फरक खरा आहे.

घराचंही तेच. आपल्याकडं माजी सैनिक बेघर कसा होतो? एका रात्रीत नाही. अठराव्या वर्षापासून पलंग, कपाट, जेवण, सगळं फौजेनं दिलेलं. भाडेकरार, लाइटबिल, डिपॉझिट यांच्याशी कधी संबंध नाही. गावी परतावं तर भावांनी वाटणी उरकलेली, त्याच्या खोलीत कांद्याची गोणपाटं. पहिल्या सहा महिन्यांत 'आमचा फौजी', मग कुरबुरी, मग दारूवरून भांडण. तो शहरात भाड्यानं खोली घेतो. मोबाइल हरवतो, नंबर बदलतो. वर्षाचा हयातीचा दाखला राहतो, पेन्शन थांबते. 'स्पर्श' ही पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था आहे, तिला माणूस गोदाघाटावर झोपलाय हे कळत नाही, दाखला आला नाही एवढंच कळतं. भाडं थकतं, खोली जाते. रामकुंडाच्या परिसरात अन्नछत्रं आहेत, पोट भरतं. कुंभाच्या नगरीत उपाशी कुणी राहत नाही, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. मी त्या पायऱ्यांवर एकाला ओळखलं ते चपलांवरून. रात्री झोपताना त्यानं दोन्ही चपला टाचेला टाच लावून, अगदी रेषेत ठेवल्या होत्या.

अशा माणसाला 'आधी सुधार, मग खोली देऊ' म्हणण्यात अर्थ नसतो, कारण सुधारायला रात्री दार लावून झोपता आलं पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली उलटा प्रयोग सुरू झाला : आधी खोलीची किल्ली, सुधारण्याची अट नाही, मग बाकीचं. पुढं अमेरिकी सरकारनं माजी सैनिकांसाठी हाच मार्ग धरला, भाड्याला मदत आणि सोबत एक कार्यकर्ता. तिथं २०१० साली एका रात्रीच्या मोजणीत ७४ हजार माजी सैनिक बेघर होते, २०२४ साली ३३ हजारांच्या आत आले. इतर बेघरांची संख्या त्याच काळात वाढली, हे ध्यानात घेतलं तर ही घट योगायोगाची म्हणता येत नाही.

आपल्याकडं किल्ली देणारी अशी योजना नाही. पण महापालिकेचं रात्रनिवारा केंद्र असतं, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. घाटावरच्या माणसाला सगळ्यात आधी लागतो तो पत्ता. पत्ता आला की बँक, मोबाइल, स्पर्श, आणि थकलेली पेन्शन. अडकलेले पैसे बुडत नाहीत, दाखला भरला की थकबाकीसकट मिळतात. चपलावाल्या काकांचं गाडं हयातीच्या दाखल्यापासूनच हललं.

अर्थपूर्ण म्हणजे कसलं?

नाशकात माजी सैनिक म्हणजे वॉचमन, हे समीकरण झालंय. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, २००२ साली स्थापन झालं. त्याच्यामार्फत हजारो माणसं सुरक्षारक्षक म्हणून लागली, घरं चालली. त्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण सरसकट प्रत्येकाला शिट्टी आणि काठी देणं हा आळस आहे, आणि तो मीही केलाय.

माझी कसोटी साधी आहे. त्या माणसानं काम चुकवलं तर कुणाचं तरी अडेल का? अडत नसेल तर ती नोकरी नाही, दया आहे, आणि फौजी माणसाला दयेचा वास दुरून येतो.

जुन्या लोकांना हे कळलं होतं. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेतले हातपाय गेलेले शिपाई परत येऊ लागले तेव्हा, १९१७ साली, मुंबईच्या गव्हर्नरची पत्नी लेडी विलिंग्डन हिनं त्यांना हुन्नर शिकवणारी शाळा काढली. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावानं ती आज खडकीत चालू आहे, शंभर वर्षं उलटून गेली. लंडनमध्ये १९२२ साली जॉर्ज हौसन या निवृत्त मेजरनं पाच जखमी सैनिकांना घेऊन स्मृतिदिनाची लाल फुलं बनवायचा कारखाना काढला. त्याची गंमत अशी की फुलाची रचनाच अशी केली की एका हाताच्या माणसालाही ते जोडता यावं. आपण एकहाती माणसासाठी काम शोधत बसतो, त्यानं काम एका हाताचं करून घेतलं.

मुरलीकांत पेटकरांचं नाव आता घरोघरी पोचलंय. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं, १९७२ साली हायडलबर्गला पोहण्यात पॅरालिंपिकचं सुवर्णपदक, २०१८ साली पद्मश्री. पदकाची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. पदकानंतर त्यांनी पुण्याच्या टेल्को कारखान्यात वर्षानुवर्षं नोकरी केली. पदक एका दिवशी मिळतं, सकाळची बस रोज पकडावी लागते.

कारखाना हा एकच रस्ता नाही म्हणा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत शंभर कामं असतात. जयपूर फूट १९६८ साली घडलं तेच मुळी आपल्या माणसांसाठी, अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, चिखलात उतरता यावं म्हणून. विलायती पायांना बूट लागायचा. ज्याला शेतीत जायचंय त्यानं पाय बसवून घेतानाच ते सांगावं. कारखान्याच्या फरशीवरचा पाय वेगळा, सरीतला वेगळा.

कागद

थोडक्यात आटोपतो, कारण यावर बोलायला लागलो की लोक जांभया देतात.

अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनात दोन प्रश्न असतात : अपंगत्व किती टक्के, आणि ते नोकरीमुळं आलं किंवा वाढलं का? दुसऱ्या प्रश्नावर बरेच अर्ज फेटाळले जातात. इथं सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा धरमवीर सिंग निकाल कामाला येतो. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नव्हती आणि बोर्डानं वेगळं कारण दिलेलं नाही, तर तो नोकरीतूनच आला असं धरून चालायचं, असं त्याचं सार. दाद मागायला सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, आपल्याला मुंबईचं खंडपीठ. सप्टेंबर २०२३ पासून नियम बदललेत, त्यामुळे आपण कधी बाहेर पडलो ती तारीख आधी बघायची.

एक भीती मात्र काढून टाका. 'खासगी नोकरी धरली तर अपंगत्वाची पेन्शन कापतील' असं पारावर सांगतात. कापत नाहीत. या अफवेपायी घरी बसलेली तीन माणसं मला माहीत आहेत.

राज्य सरकारच्या क आणि ड वर्गाच्या पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. कागदावर भरघोस. पण परीक्षेला बसायचं ते बावीस वर्षांच्या पोरांसोबत, त्यामुळे फौज सोडायच्या आधी दोन वर्षं अभ्यास सुरू केला तरच उपयोग.

हे सगळं आता का सांगतोय? अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, नाशिकरोड कॅम्पातही. चार वर्षं मोजा. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे बावीस-पंचविशीत घरी येणार. सेवा निधीचे व्याजासह साधारण ११ लाख ७० हजार मिळतील असं योजना जाहीर करताना सांगितलं होतं. पेन्शन नाही. नोकरीत अपंगत्व आलं तर टक्केवारीनुसार ४४, २५ किंवा १५ लाख एकदाच. सैनिक कल्याण कार्यालयाचे जुने रस्ते या पोरांना जसेच्या तसे लागू नाहीत. त्यांच्या अर्जावरही कुणीतरी 'अनुभव : सैन्य, ४ वर्षं' एवढंच लिहील. भरती करणाऱ्या माझ्यासारख्या माणसांना एवढीच विनंती, पुढचा प्रश्न विचारा. ट्रेड कोणता? ड्रायव्हर? ऑपरेटर? टीए?

त्या नायकाशी माझी पुन्हा गाठ पडली ती अंबडला. एका कारखान्यात कुणाच्या तरी नोकरीसाठी गेलो होतो, तिथल्या मापन कक्षात तो स्टुलावर बसला होता. सुटे भाग मापून पास-नापास करायचं काम. मला बघून उठायला लागला, मी हातानंच बसा म्हटलं.

मापन कक्ष २० अंशावर ठेवतात. पोलाद गरम झालं की फुगतं, मायक्रोमीटरवरचा आकडा सरकतो. मशिनवरून नुकताच उतरलेला एक भाग घेऊन पोरगा घाईघाईनं आला, गाडी उभी आहे म्हणाला. नायकानं तो भाग तळहातावर तोलला आणि बाजूला ठेवून दिला.

"गरम आहे. अर्धा तास थांब."

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तिकडं दारूचं तापमान बघायचो साहेब, इथं लोखंडाचं. हिशेब तोच."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला. त्यानं टेबलाखालच्या पिशवीतून मोजा काढला, बसल्या बसल्या पाय सोडून तो चढवला, पाय पुन्हा लावला आणि पुढचा भाग उचलला.